पहिल्या रेषांवरचा शेरा कुठून आला

चित्रकलेच्या सरावाचं पहिलं पान बहुतेक सगळीकडे सारखंच दिसतं. पट्टी न लावता मारलेल्या आडव्या, उभ्या, तिरप्या रेषा, त्याखाली वर्तुळं आणि लंबवर्तुळं, आणि पानाच्या शेवटी चार-पाच ठोकळे. रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागच्या शाळेत अशा पानावर लाल शाईत जे लिहून येतं, तेही ठरलेलं असतं : ‘रेषा सुबक हव्यात’, ‘सराव वाढवा’, नाहीतर नुसतं ‘छान’. उद्या हात नेमका कसा वेगळा चालवायचा, हे यातल्या एकाही शेऱ्यातून मुलाला कळत नाही. आमच्या चित्रकला शिक्षकांना ते माहीत नसतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. तेच शिक्षक वर्गात मुलाच्या शेजारी उभे राहिले की अचूक सांगतात. पण पानावर लिहायची वेळ आली की शेरा निकालपत्राच्या भाषेत उतरतो. या सवयीला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्याच काळात कोकणात दुरुस्ती सांगण्याच्या दुसऱ्या रीतीही चालू होत्या, त्यांच्याकडे मात्र शाळेने फारसं पाहिलं नाही.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि मार्च १८५७ मध्ये त्यांच्या नावाचं कलाविद्यालय, म्हणजे आजचं जे. जे., सुरू झालं. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. त्यांच्यामागे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या कलाशिक्षणाची शिस्त होती. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी तिथे चित्रकलेचा अभ्यासक्रम २३ टप्प्यांत बांधला होता. आधी भूमिती, मग छापील नमुन्यावरून बाह्यरेषा, मग छाया, मग प्लास्टरच्या साच्यांवरून काम. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा मिळायचा नाही. एकेका छायांकित चित्रावर विद्यार्थी आठवडे नि महिने घालवत. त्यात भर म्हणजे इंग्लंडमध्ये शिक्षकाचं उत्पन्न काही प्रमाणात विद्यार्थ्यांच्या निकालावर अवलंबून होतं. अशा व्यवस्थेत शेरा कसा होणार, हे उघड आहे. नमुन्याशी किती जुळलं, किती स्वच्छ झालं, एवढंच मोजलं जातं. हात कसा चालला, डोळ्याने काय पाहिलं, याची नोंद ठेवायला कुणाला कारणच उरत नाही.

गंमत वाटावी असा योग म्हणजे त्याच १८५७ साली इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी नवशिक्यांसाठी तीन पत्रांच्या रूपात एक पुस्तक लिहिलं, आणि त्याचा रोख नेमका या केन्सिंग्टन पद्धतीच्या विरुद्ध होता. १८५४ पासून ते लंडनमध्ये कामगारांच्या कॉलेजात चित्रकला शिकवत होते. त्यांचा पहिला सराव असा : एक चौकोन आखायचा आणि टाकाने बारीक रेषा एकमेकींवरून नेत तो सगळीकडे सारखा करडा करायचा. जिथे फिकं दिसेल तिथे रेषा भरायच्या. पुढे ते विद्यार्थ्याला बाहेर पाठवतात आणि हाताला येईल तो एक गोलसर दगड उचलून काढायला सांगतात. तो दगड नीट काढता आला तर काहीही काढता येईल, असं त्यांचं म्हणणं. या चौकोनाच्या सरावाचं मोल मला फार वाटतं. त्यात शेरा बाहेरून यावाच लागत नाही. चौकोन हातभर लांब धरला की कुठला भाग काळवंडला आणि कुठला उघडा राहिला, हे करणाऱ्यालाच दिसतं.

आपल्याकडे मात्र शाळांमध्ये रुजली ती केन्सिंग्टनचीच बाजू, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या रूपाने. या परीक्षा आधी जे. जे.च्या छायेत वाढल्या. १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय झालं आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट ही नावं घराघरांत पोचली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे विषय आणि शेवटी अ, ब, क यांपैकी एक श्रेणी. या परीक्षांचे उपकार मोठे आहेत, हे आधी सांगायला हवं. देवगड-राजापूरकडच्या आडगावातल्या मुलांना चित्रकलेचं पहिलं दार त्यांनीच उघडलं. पण परीक्षक कागद पाहतो तेव्हा मूल समोर नसतं, आणि कागद पुन्हा मुलाच्या हाती येत नाही. येते ती श्रेणी. पुढे दहावीच्या गुणांत इंटरमिजिएटच्या श्रेणीची भर पडू लागली आणि त्या एका अक्षराचं वजन आणखी वाढलं. वर्षभराच्या सरावाच्या पानांवरही मग शिक्षक नकळत परीक्षकासारखेच लिहू लागतात.

शाळेबाहेरच्या कोकणात काय चाललं होतं, ते आता पाहू.

गणपतीच्या कारखान्याला कोकणात ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. पेणपासून सावंतवाडीपर्यंत, नागपंचमीच्या आगेमागे या शाळा रात्री उशिरापर्यंत जाग्या असतात. आलेल्या पोराला पहिल्या दिवशी कुणी मूर्तीचा चेहरा देत नाही. माती मळणं, खरखरीत भाग पाण्याच्या हाताने सारखा करणं, पाटाला रंगाचा पहिला हात देणं, मग सोवळ्याचे काठ, मग दागिने. डोळ्यांची आखणी मुख्य कारागीर स्वतः करतो. दुरुस्ती कामातच होते. कारागीर काका शेजारच्या मूर्तीवर काठाची तीच रेघ ओढून दाखवतात, म्हणतात ‘हात हलको ठेव’, आणि पुढच्या मूर्तीकडे सरकतात. पोरापुढे तसाच काठ असलेल्या आणखी मूर्ती रांगेत असतात. सांगितलेली गोष्ट लगेच, त्याच दुपारी, करून पाहायला मिळते. शाळेच्या वहीत शेरा आणि पुढचा सराव यांच्यात आठवडा जातो, म्हणून मला गणपतीच्या शाळेतली ही रांग महत्त्वाची वाटते. या रीतीला एक मर्यादाही आहे. असं का, हे विचारायला तिथे फारशी जागा नसते आणि गुरूचा हात हाच शेवटचा शब्द असतो.

सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचं, उदाहरण याहून बोलकं आहे. दशावतारी गंजिफात दर अवताराचा एक असे पत्त्यांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२० गोल पानं. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान सोडले की एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं उरतात. म्हणजे त्या अवताराचं चिन्ह एका रंगात ५५ वेळा आणि सगळ्या संचात मिळून चिन्हं ५५० वेळा काढायची. मासा, कासव, परशू; प्रत्येक आधीच्यासारखा हवा, नाहीतर खेळताना पान ओळखू येणार नाही. दुसऱ्या मत्स्याची शेपटी पहिल्यापेक्षा आखूड झाली तर दोन पानं शेजारी ठेवताच ती डोळ्यात भरते. सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लोपत चाललेली कला पुन्हा उभी केली. तेव्हा नक्षीबरोबर हातांना वळण लावण्याची ही पद्धतही वाचली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, अशीच घरातून घरात गेली. कथेच्या क्रमाने लावलेल्या चित्रांच्या पोथ्या जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे चित्र पुरं होतं ते कथा सांगताना. त्यामुळे चित्रातलं पात्र समोरच्या श्रोत्याला ओळखता येतं की नाही, हीच कसोटी.

सासवण्याचा एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. अलिबागजवळच्या या गावात १८९१ मध्ये शिल्पकार नानासाहेब करमरकर जन्मले. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड या जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या खटपटीने मुलाला जे. जे.चं दार उघडलं. पुढे पुण्यात १९२८ मध्ये बसलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा याच हातांचा. ही गोष्ट आपण दैव म्हणून सांगतो. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. पाहणाऱ्याने ‘वा’ म्हणून पाठ फिरवली नाही. या हाताला पुढे काय हवं, हे त्याने ओळखलं आणि ते मिळवून दिलं. नवशिक्याच्या कामावरच्या अभिप्रायाकडून मी एवढीच अपेक्षा धरतो.

उत्तर कोकणात आणखी एक धागा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला मॉन्टेसोरी विचार शिकून आल्या होत्या. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिकवणं उभं केलं. मॉन्टेसोरी विचाराचा एक गाभा असा की साधनातच चूक दिसली पाहिजे, ती दाखवायला मोठ्यांनी मध्ये पडू नये. धातूच्या चौकटीतला आकार गिरवून तो समांतर रेषांनी भरण्याचा तिथला सराव रस्किनच्या चौकोनाच्या फार जवळ जातो. पुढे ‘मुलाला मोकळं सोडा’ एवढाच अर्धा विचार सगळीकडे पसरला आणि चूक आपली आपल्याला दिसेल असा सराव रचायचा, हा कष्टाचा अर्धा भाग मागे राहिला. म्हणून आज एकीकडे ‘सुबक नाही’ आणि दुसरीकडे सरसकट ‘छान’, अशी दोनच टोकं उरली आहेत.

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात ‘चित्र सुबक काढतो’, ‘रंगसंगती चांगली साधतो’ अशी तयार वाक्यं छापील याद्यांतून नोंदवहीत उतरू लागली. संशोधन याबाबत फार स्पष्ट आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त कामाबद्दलची टिप्पणी, तिसऱ्याला दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त टिप्पणी मिळालेल्या गटात. गुण शेजारी आले की टिप्पणीचा फायदा उरत नाही, असं दिसलं. १९९६ मध्ये क्लुगर आणि डिनिसी यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अभिप्रायामुळे एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम उलट खालावलेलं दिसलं. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की असं होतं, हा त्यांचा निष्कर्ष. ‘तू हुशार आहेस’ हा शेरासुद्धा त्यात मोडतो.

मग पहिल्या पानावर काय लिहायचं? माझ्या मते आधी चूक हाताची की डोळ्याची, हे वेगळं करायला हवं. रेष थरथरत असेल तर मूल फार सावकाश, मनगटातून आणि पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत ओढतंय. त्याला लिहावं : ‘दोन बिंदू घे, कागदाच्या वरून हात दोनदा फिरव, मग कोपरातून एका दमात ओढ.’ रेष गुळगुळीत आहे पण बिंदूला चुकून पुढे गेली, तर ती चांगली रेष आहे, आणि हे मुलाला आवर्जून सांगावं, कारण नेम सरावाने बसतो. तुकडे जोडून केलेली केसाळ रेष हे भीतीचं लक्षण आहे. तिथे खोडरबर काही दिवस बाजूला ठेवायला सांगावं.

डोळ्याची चूक मडक्यात दिसते. तोंडाचं लंबवर्तुळ दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि बूड एकदम सपाट. मूल इथे मडकं टेबलावर टेकलंय ही माहिती काढतंय, पाहिलेलं नाही. मडकं नजरेच्या खाली असेल तर तळाची वक्ररेषा तोंडापेक्षा अधिक गोलाईची दिसते. हे शब्दांनी पटत नाही. गडव्यात पाणी घालून तो हळूहळू डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचलला की पाण्याची कड सपाट होत जाताना मुलाला स्वतःला दिसते. किनाऱ्यावरच्या शाळेला तर नजरेची पातळी शिकवायला समुद्रच आहे. वाळूत बसून क्षितिज पाहा आणि मग रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावर चढून पाहा. क्षितिज तुमच्या डोळ्यांबरोबर वर येतं. ज्या मुलाने हे एकदा पाहिलं, त्याच्या ठोकळ्यांवर लिहायला फारसं काही उरत नाही. मागे जाणाऱ्या कडा रंगीत पेन्सिलीने लांबवून बघ, त्या दूर जवळ येतात की फाकतात ते तूच सांग, एवढं पुरतं.

दोन गोष्टींबाबत मी हट्टी आहे. मुलाच्या रेषेवर आपली रेष ओढू नये, समासात काढून दाखवावी. गणपतीच्या शाळेतले काकासुद्धा रेघ शेजारच्या मूर्तीवर ओढून दाखवतात. आणि एका पानावर एकच दुरुस्ती सांगावी, पुढच्या पानावर आधी तीच तपासावी.

हे करणार कोण, हा कोकणातला खरा अडसर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तरच कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पटसंख्या घटत चाललेल्या वाड्यावस्त्यांतल्या शाळांना ती लागूच होत नाही. त्यामुळे पुष्कळ मुलं सरावाच्या पानाचा फोटो फोनवरून तालुक्याच्या गावातल्या सरांना नाहीतर बाईंना पाठवतात. फोटोत रेष दिसते. ती किती वेगाने ओढली, पेन्सिल कुठे धरली होती, कागद फिरवला का, हे दिसत नाही. त्यामुळे अशा पानावर शेरा लिहिण्याआधी मुलाला हेच विचारून घ्यावं लागतं, आणि जमलं तर हात चालतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मागवावा लागतो.