खासदाराचं रेकॉर्ड : मतदान, काम आणि शपथपत्र

खासदाराचं रेकॉर्ड म्हणजे निवडून गेलेल्या माणसानं संसदेत काय केलं याचा कागदावर राहिलेला माग. कशाच्या बाजूनं मत दिलं, प्रश्न कशावर विचारले, कोणत्या समितीत बसला, मंत्री होता का, आणि स्वतःच्या नावावर जमीन-जुमला, सोनं, कर्ज किती दाखवलं, हे सगळं त्यात आलं. मराठवाड्यात लोकसभेच्या ८ जागा: औरंगाबाद, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड आणि उस्मानाबाद. जिल्हे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले तरी मतदारसंघ अजून जुन्याच नावानं आहेत, त्यामुळं लोकसभेच्या वेबसाईटवर शोधताना तीच नावं टाकायची. आणि त्याच्याही आधी आपला खासदार नेमका कोण हे पक्कं करून घ्यायचं, कारण इथं जिल्ह्याची हद्द आणि मतदारसंघाची हद्द जुळतच नाही. पैठण, फुलंब्री, सिल्लोड जालन्यात, परतूर आणि घनसावंगी परभणीत, औसा उस्मानाबादेत, लोहा लातुरात, किनवट-हदगाव हिंगोलीत. पैठणकरानं औरंगाबादच्या खासदाराची हजेरी काढून जाब विचारला तर तो भलत्याच माणसाला विचारल्यासारखं होतं.

मतदानाचं रेकॉर्ड सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण तेच सगळ्यात कमी मिळतं. लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानानं होतात, म्हणजे अध्यक्ष विचारतात, एका बाजूनं 'होय' येतं, दुसऱ्या बाजूनं 'नाही', कुठला आवाज जास्त ते अध्यक्ष सांगतात आणि विषय संपतो, कुणाचंही नाव कुठं लिहिलं जात नाही. कुणी हरकत घेऊन मतविभाजन मागितलं तरच साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात, बाकावरची बटणं दाबली जातात (हिरवं बाजूनं, लाल विरोधात, पिवळं तटस्थ) आणि मग नावानिशी यादी सभागृहाच्या कामकाजात छापली जाते.

याचा अर्थ काय होतो ते शेतकऱ्याला कळेल असं सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये तिन्ही कृषी विधेयकं लोकसभेत आवाजी मतदानानं मंजूर झाली आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे रद्द झाले तेही आवाजी मतदानानंच, चर्चा न होता. म्हणजे सोयाबीन, तूर, कापसावर जगणाऱ्या आपल्या भागातल्या खासदारांनी त्या दिवशी हात कुठल्या बाजूला टाकला याची नावानिशी नोंदच नाही. भाषणं आहेत, पक्षाची भूमिका आहे, पण मत नाही. माझ्या मते ही या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव आहे, ज्या कायद्यानं बाजार समितीचं भवितव्य ठरणार होतं त्यावर प्रत्येकाचं मत कागदावर यायलाच पाहिजे होतं.

उलट घटनादुरुस्ती असली की मतविभाजन करावंच लागतं, कारण एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत दोन्ही मोजून दाखवायचं असतं. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षण विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. त्या दोन विरोधी मतांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी यांचं, दुसरं औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नाही ही त्यांच्या पक्षाची हरकत होती. हरकत पटो न पटो, मत कुठं पडलं आणि का पडलं हे दोन्ही आज कुणालाही बघता येतं, आणि रेकॉर्ड म्हणायचं ते याला.

मत नोंदलं गेलं तरी ते बहुतेक वेळा खासदाराचं नसतंच, पक्षाचं असतं. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं, त्यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. पक्षानं व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) काढला आणि खासदारानं विरोधात मत दिलं किंवा गैरहजर राहिला, आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून 'आमच्या साहेबांनी अमुक कायद्याला पाठिंबा दिला' असं कुणी म्हणालं की आधी व्हिप होता का ते विचारायचं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत व्हिप नसतो, पण तिथं मतदान गुप्त, त्यामुळं तेही दिसत नाही.

मग माणूस दिसतो कुठं, तर प्रश्नांत. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, तारांकितला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकितचं लेखी येतं. पीकविमा, रेल्वेचं दुहेरीकरण, जायकवाडीचं पाणी यावर कुणी विचारलं आणि सरकारनं काय उत्तर दिलं हे शब्दशः वाचायला मिळतं. नुसता आकडा मात्र फसवतो. निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर कार्ड फिरतं, हजेरी इतकी टक्के, प्रश्न इतके, आणि एखाद्यापुढं मोठ्ठा शून्य. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, शिवाय हजेरीच्या रजिस्टरवर सहीही करत नाहीत. जालन्याचे रावसाहेब दानवे २०१९ ते २०२४ केंद्रात राज्यमंत्री होते, त्यांच्या नावापुढं त्या काळातले प्रश्न शोधून काही हाती लागणार नाही.

समित्यांचं काम तर कुणी बघतच नाही, आणि याची खंत जास्त वाटते कारण आज ज्या विभागवार स्थायी समित्या आहेत त्या १९९३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर होते. तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल सभागृहात मांडले जातात आणि कुणाला वेगळं मत द्यायचं असेल तर असहमतीची टिप्पणी अहवालाला जोडली जाते. खासदार कृषी समितीत आहे की रेल्वे समितीत, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

खासदार निधीबद्दल थोडक्यात: वर्षाला ५ कोटी, पण ते खासदाराच्या हातात येत नाहीत, तो कामं सुचवतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं.

आता शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावं लागतं, त्या शपथपत्राचा ठरलेला फॉर्म म्हणजे नमुना २६. अर्ज भरायच्या दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर याच्या प्रती लावलेल्या असतात, जरा थांबून वाचावं. पानापानावर सही, नोटरीचा गोल शिक्का, आणि मग रकाने: स्वतः, पत्नी, अवलंबून असलेले. गट नंबर, हेक्टर-आर, वारसानं आलेली की विकत घेतलेली, घेतली तेव्हाची किंमत आणि आजची किंमत. सोनं तोळ्यात नाहीतर ग्रॅममध्ये, साखर कारखान्याचे शेअर, पतसंस्थेतली ठेव, ट्रॅक्टर, आणि खाली जिल्हा बँकेचं पीककर्ज. आपल्याकडं नेत्याची खरी ताकद शिक्षण संस्था, कारखाना, दूध संघ यांत असते, पण त्यांच्या जमिनी-इमारती संस्थेच्या नावावर, त्यामुळं वैयक्तिक मालमत्तेच्या बेरजेत त्या येत नाहीत. कागद खोटा नाही, पण ताकदीचं माप त्यात नाही.

निवडून आल्यावर शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता परत एकदा सभागृहाच्या अध्यक्षांकडं द्यावी लागते, ती नोंदवही मात्र सहज हाती येत नाही. हितसंबंधांचं वेगळं रजिस्टर राज्यसभेत आहे, नियम २९३ खाली: पगारी संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीवर ताबा राहील एवढे शेअर, पैसे घेऊन सल्ला, व्यावसायिक काम. लोकसभेला असं रजिस्टर नाही, म्हणजे आपण थेट निवडून देतो त्याच खासदाराचे हितसंबंध कमी दिसतात. हे बदललं पाहिजे.

दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून वाचताना आधी क्षेत्रफळ बघायचं, रुपये नंतर. जालना किंवा संभाजीनगर जिल्ह्यात समृद्धी महामार्गाजवळची जमीन असेल तर गट तोच, हेक्टर-आर तेवढंच, आणि किंमत काही पटींनी वाढलेली असू शकते, त्यात विकत घेतलेलं काहीच नसतं. नवीन गट नंबर दिसला तर मात्र खरेदीची तारीख आणि उत्पन्नाचा रकाना दोन्ही बघायचे. माहिती लपवली किंवा खोटी दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.