पाळीचा चेअरमन : सीमाभागातल्या विद्यापीठ-विभागांच्या कारभाराची पार्श्वभूमी

बेळगावात ‘चेअरमन’ म्हटले की आधी साखर कारखाना आठवतो, मग पतसंस्था. विद्यापीठाच्या विभागालाही चेअरमन असतो, हे तिथे शिकलेल्याला किंवा शिकवणाऱ्यालाच ठाऊक. कारखान्याचा चेअरमन एकदा बसला की बसला. विभागाचा मात्र साधारण दोन वर्षांनी उठतो आणि ज्येष्ठतेच्या यादीतल्या पुढच्याला खुर्ची देतो. याला सगळे रोटेशन म्हणतात. विभाग एकट्याने चालवायचा की सगळ्यांनी मिळून, हा वाद इथे निघाला की पाच मिनिटांत रोटेशनवर येतो आणि तिथेच अडकतो. तो तिथेच का अडकतो, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे नको, कारण फार मागे असा विभागच नव्हता. 1933 मध्ये बेळगावात पदवी महाविद्यालय निघेपर्यंत इथली मुले धारवाड, सांगली किंवा कोल्हापूर गाठत. महाविद्यालय आले तरी अभ्यासक्रम आणि परीक्षा मुंबई विद्यापीठाच्याच राहिल्या. 1949 मध्ये मुंबईच्याच विधिमंडळाने केलेल्या कायद्याने धारवाडच्या विद्यापीठाचा जन्म झाला आणि बेळगावची महाविद्यालये तिकडे गेली. सात वर्षांनी जिल्हाच म्हैसूर राज्यात गेला. त्या काळात विभाग म्हणजे एक प्रोफेसर. बाकीचे त्यांच्या हाताखाली. सरांनी सांगायचे, इतरांनी ऐकायचे, आणि सर विद्वान असल्यामुळे यात कुणाला वावगे वाटत नसे.

याला पहिला तात्त्विक धक्का दिल्लीहून आला. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाने, विभाग हा विद्यापीठाच्या कामाचा मुख्य घटक आहे, त्याला जास्त अधिकार द्या आणि विभागप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली शिक्षकांची एक कारभार समिती नेमा, असे सुचवले. पुढे 1969 मध्ये विद्यापीठांच्या कारभारावर आणखी एक समिती बसली. तिचे अध्यक्ष निवृत्त सरन्यायाधीश होते आणि एके काळी धारवाडच्याच महाविद्यालयात शिकलेले. शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या सहभागाचा प्रश्न त्या समितीने ऐरणीवर आणला. अहवाल आले आणि ग्रंथालयात गेले. 1976 मध्ये कर्नाटकाने राज्यातल्या विद्यापीठांसाठी एकच कायदा केला. त्यात सिनेट म्हणजे विद्यापीठाची मोठी सभा होती, निवडणुका होत्या आणि निवडणुकांबरोबर येणारे गटही होते.

आपल्या भागाची खरी गोष्ट सुरू होते 1982 मध्ये. धारवाडच्या विद्यापीठाने बेळगावात पदव्युत्तर केंद्र काढले. पुढे ते पुणे-बंगळूर महामार्गावर भूतरामनहट्टीला गेले, शेजारी प्राणिसंग्रहालय. (यावरचे विनोद प्रत्येक तुकडीला आपलेच वाटतात.) केंद्राचे शिक्षक इथे, निर्णय मात्र पाऊणशे किलोमीटरवर धारवाडला. अभ्यासक्रम, परीक्षकांची यादी, नेमणुका सगळे तिकडचे. एकत्र बसून ठरवण्यासारखे फार थोडे असायचे: तासांचे वाटप, सहल आणि कुठली पुस्तके मागवायची. पण त्यामुळेच की काय, एका टेबलाभोवती बसून बोलायची सवय या केंद्राला लवकर लागली. निर्णय हातात नसला की चर्चेला धार येते.

आता रोटेशनचा मुद्दा. आज तो लोकशाहीचा विजय म्हणून सांगितला जातो. त्याचे मूळ त्याहून साधे आहे: प्रोफेसर जास्त झाले. पूर्वी एक प्रोफेसर, दोन रीडर, चार लेक्चरर अशी उतरंड होती आणि प्रोफेसरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालचा वर चढत नसे. 1983 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणवत्तेवर पदोन्नती देणारी योजना आणली, नंतरच्या वेतन आयोगांबरोबर तिचे नियमित पदोन्नतीत रूपांतर झाले, आणि एकाच विभागात दोन-तीन प्रोफेसर दिसू लागले. तिघांची पदवी, पद आणि पगार सारखे. मग एकानेच निवृत्तीपर्यंत प्रमुख का राहायचे? उत्तर एकच होते, पाळीपाळीने.

‘पाळी’ हा शब्द इथे मुद्दाम वापरतो. हुक्केरी-चिकोडीकडच्या शेतकऱ्याला तो कालव्याच्या पाण्यामुळे माहीत आहे: आपली पाळी आली की रात्री दोनलाही बॅटरी घेऊन उठायचे. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्येही ‘पाळी’ आहे आणि तिथे तिचा अर्थ रांगेपर्यंत जातो. शहरात रोटेशन म्हटले की महापौरपदाचे आरक्षण. या सगळ्या पाळ्यांत एक गोष्ट समान आहे. पाणी आपल्या शेतात येईपर्यंत ते दुसऱ्याचे असते, आणि आले की पूर्ण आपले. शेजाऱ्याला विचारून पाट फोडत नाहीत. विभागातही नेमके तेच झाले. सत्ता वाटली गेली, पण काळात; माणसांत नाही. दोन वर्षे तुमची, पुढची दोन माझी, आणि तुमच्या दोन वर्षांत मी गप्प, कारण माझ्या दोन वर्षांत तुम्ही गप्प राहावे.

त्यात भर पडली शब्दांच्या गुंत्याची. मराठीत आपण ‘विभागप्रमुख’ म्हणतो. प्रमुख म्हणजे ज्याचा शब्द चालतो. कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या कागदावर मात्र ‘चेअरमन’, कन्नडमध्ये ‘अध्यक्षरु’, आणि बोलताना कधी ‘मुख्यस्थरु’. अध्यक्ष म्हणजे सभेचा अध्यक्ष. सभाच नसेल तर तो कशाचा अध्यक्ष? म्हणजे कायद्याच्या भाषेत अधिकार सभेचा, विभागीय परिषदेचा, आणि अध्यक्षाचे काम ती बोलावणे, चालवणे, ठराव वर पाठवणे. पण दारावरची पाटी मराठी डोक्याने वाचली की ‘प्रमुख’ दिसतो आणि कन्नड डोक्याने वाचली तरी ‘मुख्यस्थ’च दिसतो. या बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंचे एकमत आहे, ही दुर्मीळ गोष्ट नोंदवायला हवी.

रोटेशनच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ज्याने एकाच सरांची पंचवीस वर्षांची मर्जी सांभाळली आहे, त्याला विचारा. संशोधनाचा मार्गदर्शक कोण, परीक्षेचे काम कुणाला, रजा कुणाची मंजूर, सगळे एका खोलीत ठरायचे. ती खोली निदान उघडली. उलट बाजूचे लोक म्हणतात की दोन वर्षांत कारकुनी समजेपर्यंत मुदत संपते, लांब पल्ल्याचे काम कुणी हातात घेत नाही, आणि सगळ्या नाड्या कुलसचिवांच्या कार्यालयाकडे जातात, कारण तेवढे एकच कायम आहे. हा दुसरा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो.

तो का, हे 2000 च्या कायद्यात दिसते. कर्नाटकाने 1976 चा कायदा रद्द करून हा नवा आणला आणि 2001 पासून तो लागू झाला. त्यात सिनेट राहिले नाही. सिंडिकेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळावर, निवडून येण्याऐवजी नेमले जाण्याचा काळ आला. विद्याशाखेचे डीनही ज्येष्ठतेच्या क्रमाने, पाळीने. निवडणुकांचे तोटे होतेच. प्राध्यापकांच्या गटबाजीच्या गप्पांत धारवाडच्या खानावळीत संध्याकाळ सरे, आणि जातीचा हिशेब कुणी लपवत नसे. पण निवडून आलेला माणूस कुणाला तरी उत्तर देणे लागतो. पाळीने आलेला फक्त जन्मतारखेला आणि नेमणुकीच्या तारखेला. म्हणजे शिक्षकांचा वाटा निर्णयातून काढून क्रमात घातला गेला, आणि त्याला सहभाग हे नाव मिळाले. त्या वेळी याला ठाम विरोध झाल्याचे फारसे आठवत नाही. बहुतेकांची पाळी जवळ आली होती.

2010 मध्ये बेळगावचे केंद्र राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. बेळगावसोबत बागलकोट आणि विजापूर हे जिल्हे त्याच्याकडे आले. निर्णय धारवाडहून घरी आले, पण घरात माणसे कमी होती. नव्या विद्यापीठाला विभाग मिळाले, जागा मंजूर झाल्या, भरती मात्र तुटक. काही विभागांत कायम शिक्षक दोन, काहींत एकच. भाषेच्या आणि कलाशाखेच्या छोट्या विभागांना हे जास्त जाणवले. तिथली विभागीय परिषद म्हणजे एकच माणूस: तोच सभा बोलावतो, तोच हजर राहतो, तोच अनुमोदन देतो. पाळी कुणाबरोबर करायची? मग दुसऱ्या विभागातला सहकारी सदस्य म्हणून बोलावतात आणि तो बिचारा ज्या विषयातले काही कळत नाही त्या ठरावावर सही करतो.

जिथे तिघे-चौघे आहेत तिथला गुंता वेगळा: सेवाज्येष्ठता कुठल्या तारखेपासून? पदोन्नतीच्या मुलाखती पाच-पाच वर्षे रखडतात, पण अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार उमेदवार पहिल्याच प्रयत्नात पात्र ठरला तर पदोन्नती तो पात्र झाला त्या मागच्या तारखेपासून धरतात. त्यामुळे काल धाकटा असलेला आज कागदावर थोरला होतो. खुर्चीवर कुणी बसलेला असताना यादी पालटली तर मुदत पूर्ण करू द्यायची की मध्येच उठवायचे? थेट भरतीने आलेला प्रोफेसर आधी की पदोन्नतीने झालेला? यावर विभागात हसत-खेळत बोलणे होत नाही. वकिलाकडे जाणे होते. शिवाय प्रमुखपदाची नोंद त्याच नियमावलीत मूल्यमापनाच्या रकान्यात येते, त्यामुळे ज्यांना खुर्ची नको त्यांनाही ती हवी असते.

याच काळात परिषदेच्या सभांना अचानक महत्त्व आले, पण ते मूल्यांकनामुळे. बंगळूरहून चालणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकनाचा (‘नॅक’) सहावा निकष प्रशासन आणि नेतृत्वाचा. त्यात विकेंद्रीकरण आणि सहभागी व्यवस्थापनाचे पुरावे मागतात. पुरावा म्हणजे इतिवृत्त, इकडच्या कार्यालयात ‘नडावळी’. तपासणीची तारीख लागली की न झालेल्या सभांची इतिवृत्ते एका आठवड्यात, एकाच शाईने, वेगवेगळ्या तारखांनी लिहिली जातात हे काही फक्त आपल्याकडचे गुपित नाही. शिपाई रजिस्टर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो. ‘सर्वानुमते मंजूर’ हे त्या रजिस्टरातले सर्वांत जास्त वेळा आलेले वाक्य असावे.

खरी सभा झाली ती अभ्यासक्रमाच्या धांदलीत. 2021 मध्ये कर्नाटकाने नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण देशात सर्वांत आधी लागू केले. चार वर्षांची पदवी, नवे विषय, नवे गुणांक. 2024 च्या मे महिन्यात सरकारने तीन वर्षांची पदवी परत आणली. तीन वर्षांत दोनदा अभ्यासक्रम. एवढे काम एकट्याच्याने होण्यासारखे नव्हतेच, म्हणून लोक खरोखर एकत्र बसले, भांडले, एकमेकांच्या घटकांवर काट मारली. मराठीच्या शिक्षकांना त्यातच 2021 चा पदवीला कन्नड अनिवार्य करणारा आदेश आणि त्यावर त्याच वर्षअखेरीस उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांवर सक्ती न करण्याबद्दल दिलेला अंतरिम हुकूम, हेही सांभाळायचे होते: मराठीचे तास किती उरणार हे ठरेपर्यंत वेळापत्रकाचे तीन मसुदे. पाळी कुणाची आहे हे त्या महिन्यांत कुणी विचारले नाही. सही लागायची तेव्हा जो खोलीत असेल त्याच्यापुढे कागद.

त्या टेबलाभोवती बसलेल्यांत अर्धेअधिक अतिथी व्याख्याते होते. घटक त्यांनी लिहिले, संदर्भपुस्तके त्यांनी शोधली, कन्नड परिपत्रकांचा अर्थही बऱ्याचदा त्यांनीच लावून दिला. त्यांची नेमणूक वर्षापुरती. ज्येष्ठतेच्या यादीत नाव नाही, म्हणून पाळी नाही, आणि परिषदेचे सदस्यत्वही नाही. सभा संपली की रजिस्टर निघते. ‘उपस्थित’च्या खाली दोन सह्या होतात, आणि बाकीच्यांची नावे, कुणी आठवणीने लिहिली तर, शेवटी ‘निमंत्रित’ म्हणून येतात.