जुनं आड येतं की नवं? विसरण्याच्या दोन तऱ्हा

चंदगडकडची एक मुलगी लग्न होऊन गोकाककडच्या घरात येते. घरात मराठी, पण दूधवाल्याशी, शेजारणीशी बोलायचं ते कन्नडमध्येच. दह्याला ‘मोसरु’ म्हणतात हे तिनं पाठ केलेलं असतं. तरी दुकानात गेलं की तोंडातून ‘दही’च निघतं. दहा-बारा वर्षं जातात. आता माहेरी गेल्यावर वहिनीकडे ती ‘मोसरु’ मागते, आणि ‘दही’ हा जन्माचा शब्द क्षणभर सापडत नाही.

दोन्ही वेळा आपण म्हणणार, ‘आठवेना’. मानसशास्त्रात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वेळी जुन्या शिकण्यानं नव्याची वाट अडवली, तो प्रोॲक्टिव्ह इंटरफिअरन्स. दुसऱ्या वेळी नव्यानं जुनं झाकलं, तो रेट्रोॲक्टिव्ह इंटरफिअरन्स. परीक्षेला बसलेली पोरं इथंच घोळ घालतात, कारण ती ‘आड काय आलं’ यापासून सुरुवात करतात. त्यापेक्षा आधी विचारावं, आठवायचं काय होतं? नवं आठवायचं असून अडलं तर प्रोॲक्टिव्ह, जुनं अडलं तर रेट्रोॲक्टिव्ह.

१ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी कागदोपत्री ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. त्यानंतरही फॉर्म भरताना हात सवयीनं जुनं स्पेलिंग लिहून मोकळा झाला, तर ते प्रोॲक्टिव्ह. (आपण मराठी माणसं बोलताना ‘बेळगाव’च म्हणतो, ते यात धरू नका. तो विसर नव्हे, हट्ट आहे.)

नव्यानं जुनं झाकलं जातं, हे आधी ध्यानात आलं. म्युलर आणि पिल्त्सेकर या जर्मन संशोधकांनी १९०० साली ते मांडलं. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. पाठ करून झोपलं की बरंच टिकायचं, तेवढाच वेळ जागं राहिलं की फार कमी. दिवसभर नवं काही ना काही डोक्यात शिरत राहतं म्हणून जुनं बुजतं, असा अर्थ त्यांनी काढला. झोप स्वतःही आठवण पक्की करते असं आज मानतात, त्यामुळे सगळं श्रेय ‘नवं काही शिरलं नाही’ याला देता येत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अंडरवुडचा १९५७ चा निष्कर्ष. विसरण्यावर सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसच्या काळापासून समज असा होता की पाठ केलेली यादी एका दिवसात बहुतेक उडून जाते. अंडरवुडनं जुने प्रयोग तपासले तेव्हा दिसलं, की हे ज्यांनी आधी ढीगभर याद्या पाठ केल्या होत्या त्यांच्याबाबतीत खरं होतं. एकच यादी शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी जेमतेम पाव भाग विसरत होता. म्हणजे तोवर नव्याच्या माथी मारलेला बराचसा दोष जुन्याचा होता.

दोन्ही तऱ्हांत एक गोष्ट सारखीच, शिकलेलं एकमेकांशी जितकं मिळतंजुळतं तितका घोळ जास्त. म्हणून मराठी माध्यमातल्या दहावीच्या पोरानं कन्नडचे शब्दार्थ संपवून लगेच इंग्रजीचे घोकायला घेऊ नयेत. मध्ये गणित सोडवावं, नाहीतर सरळ झोपावं.

आणि झाकलं गेलं म्हणजे पुसलं गेलं असंही नाही. टलव्हिंग आणि सोट्का यांनी १९७१ मध्ये लोकांना गटागटानं मांडलेल्या शब्दांच्या याद्या एकापाठोपाठ एक शिकवल्या. जितक्या याद्या नंतर आल्या तितके आधीचे शब्द आठवेनासे झाले. मग त्यांना फक्त गटांची नावं सांगितली, आणि हरवलेले बहुतेक शब्द परत आले.