लपवणारं गोदाम आणि मिरवणारं गोदाम
इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन ‘वेअरहाउस’चा फोटो दिसला की आपण ‘जुनं गोदाम’ म्हणून मोकळे होतो. पण लिव्हरपूलचं अल्बर्ट डॉक आणि मँचेस्टरचं वॉट्स वेअरहाउस यांची जातच वेगळी. पहिलं निव्वळ कोठार. दुसरं कापडाची घाऊक पेढी. सुरतेच्या वखारीत माल साठायचा आणि सौदेही व्हायचे. मँचेस्टरकरांचं वेअरहाउस त्या अर्थाच्या जवळचं.

अल्बर्ट डॉक १८४६ साली उघडलं. धास्ती आगीची आणि चोराची. म्हणून गोदीचे अभियंते जेसी हार्टली यांनी सांगाड्यातून लाकूड हद्दपार केलं: विटांच्या जाड भिंती, ओतीव लोखंडाचे खांब, लोखंडी तुळयांवर पेललेल्या विटांच्या कमानी आणि त्यांवर पुढचा मजला. छप्परसुद्धा लोखंडी पत्र्यांचं. लाकूड उरलं ते पायाखालच्या गाळात ठोकलेल्या हजारो खुंटांत! इमारती अगदी धक्क्याच्या काठावर, त्यामुळे जहाजातला चहा, रेशीम, तंबाखू, ब्रँडी उचलून सरळ आत. जकात भरायची ती माल बाहेर काढताना, तोवर कुलूप. शोभेचं म्हणावं असं काही असेल तर धक्क्यालगतचे जाडजूड डोरिक, म्हणजे प्राचीन ग्रीक धाटणीचे, खांब. मला विचाराल तर तेवढंच पुरे.

मँचेस्टरच्या पोर्टलंड स्ट्रीटवरच्या वॉट्समध्ये ‘पुरे’ हा शब्दच नाही. १८५६ साली पुरी झालेली ही इमारत सुमारे ३०० फूट लांब, घाट व्हेनिसच्या प्रासादाचा. ट्रॅव्हिस आणि मँग्नॉल या वास्तुकारांनी मजल्यागणिक शैली बदलली: कुठे इटालियन, कुठे एलिझाबेथन (पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली), वर छपरावरच्या मनोऱ्यांना गॉथिक चर्चसारख्या चक्राकार खिडक्या. अगदी रुखवत! पण रुखवत मांडतातच मुळी बघणाऱ्यांसाठी. इथे गावोगावचे कापडदुकानदार खरेदीला येत. कापडाचा रंग आणि पोत दिवसाच्या उजेडातच जोखायचा, म्हणून अशा पेढ्यांच्या खिडक्या मोठाल्या. सगळा थाट रस्त्याकडे. मागच्या बोळात बहुधा साधी वीट आणि माल चढवायची दारं.

धंद्याची साखळी मात्र एकच होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिथला कापूस अडल्यावर मुंबईच्या कापसाच्या गाठी लिव्हरपूल बंदरात धडाधड उतरत होत्या. मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांत विणलेलं कापड मँचेस्टरच्या पेढ्यांवर विकलं जाई.

अल्बर्ट डॉकमध्ये १९८८ साली ‘टेट’ या ब्रिटिश कलासंस्थेचं कलादालन आलं. वॉट्समध्ये आता हॉटेल आहे. गिऱ्हाइकावर छाप पाडायला बांधलेला भलाथोरला लोखंडी जिना पाहुण्यांच्या कामी येतो.