एअर-कूल्ड इंजिन: मोठा सिलिंडर आणि मजबूत सिलिंडर

जुनं एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं इंजिन बांधायला काढलं की सीसी वाढवायचा मोह होतोच. त्यासाठी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवतात. पण बोअर मोठा म्हणजे सिलिंडर मजबूत, असं नसतं. फोक्सवॅगन बीटल गाडीच्या इंजिनाचा इतिहास पाहिला की हे लख्ख दिसतं.

या इंजिनात चारही सिलिंडर सुटे. बिडाचे, अंगावर फिन्स (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या), एक टोक क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, थोडक्यात केसमध्ये), दुसरं हेडमध्ये (वरच्या झाकणात) आणि लांब स्टडनी, म्हणजे आट्यांच्या दांड्यांनी, आवळलेले. भोवती पाणी खेळत नाही, बाजूने आधारही नाही. भिंत पातळ असेल तर तापल्यावर सिलिंडरची गोलाई बिघडते, पिस्टनच्या रिंगा भिंतीला टेकत नाहीत आणि ऑइल जळायला लागतं.

फोक्सवॅगनने बोअर 70 मिमीवरून 85.5 मिमीपर्यंत नेला. 985 सीसीचं इंजिन 1584 सीसीचं झालं. पुढची वाढ सुट्या भागांच्या बाजारातून आली. केस न कापता सरळ बसणारे 87 मिमीचे सिलिंडर निघाले. बाहेरचं माप तेच, म्हणजे भिंत 0.75 मिमीने पातळ. मग तसेच 88 मिमीचे आले, भिंत 1.25 मिमीने पातळ. ते वाकडे होतात अशी त्यांची ख्याती झाली. ते कुणी घेऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

खरी गंमत त्यापुढच्या मापांत आहे. 90.5 आणि 92 मिमी, दोन्ही केसमधल्या एकाच मापाच्या भोकात बसतात, म्हणून 92 ची भिंत बारीक. 94 ला भोक आणखी मोठं लागतं, त्यामुळे बोअर मोठा असूनही भिंत 92 पेक्षा जाड. 92 आणि 94 चे सिलिंडर उलटे करून तळाच्या कडा शेजारी धरल्या की बोटालाच फरक कळतो.

पोर्शेपुढेही जागेचाच प्रश्न होता. 911 चा बोअर 84 वरून 90 मिमी करायचा, तर बिडाच्या लायनरला, म्हणजे आतल्या अस्तराला, जागाच उरत नव्हती. म्हणून 1973 च्या कॅरेरा आरएस 2.7 मध्ये लायनर काढून अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकासिलचा थर दिला: निकेल, आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण. उष्णता लवकर बाहेर पडू लागली आणि पिस्टनसोबत सिलिंडरही जवळपास तेवढाच फुगू लागला.

ताण मात्र दुसरीकडे गेला. 2.7 च्या मॅग्नेशियम केसमधून हेडचे स्टड आट्यांसकट उपटून येऊ लागले. पुढे 911 टर्बो आणि एससीला अॅल्युमिनियमची केस आली.

बीटलची केसही मॅग्नेशियमचीच, आणि 94 साठी ती स्टडच्या अगदी जवळ कापावी लागते. नंतरच्या केसमध्ये फोक्सवॅगननेच आट्यांत स्टीलचे इन्सर्ट घालून 8 मिमीचे स्टड दिले. जुन्या केसवर 94 चढवायचे असतील तर आधी हे इन्सर्ट बसवून घ्यावेत, मगच सिलिंडरची ऑर्डर द्यावी.