ब्लॅक विडो बॅटमॅनच्या घरी कशी?

बॅटमॅनच्या १९६६ सालच्या टीव्ही मालिकेतल्या खलनायिकांची यादी वाचताना एका नावापाशी आजचा प्रेक्षक हमखास अडखळतो. ब्लॅक विडो. ही तर मार्व्हल कॉमिक्सची, अ‍ॅव्हेंजर्समधली! मार्व्हलची स्पर्धक असलेल्या डीसीच्या, बॅटमॅनच्या गॉथम शहरात ही काय करतेय? त्यातून भूमिकेत मार्व्हलच्या चित्रपटांतली स्कार्लेट जोहान्सन नाही, तर पासष्ट वर्षांच्या अमेरिकी अभिनेत्री टलूला बँकहेड.

दोघींचं नातं नावापुरतंच आहे. दोन्ही नावं एकाच विषारी कोळ्यावरून आली. या जातीची मादी मीलनानंतर नराला खाते असं म्हणतात (दर वेळी खातेच असं नाही, पण बदनामी झाली ती झालीच). 'काळी विधवा' असं मराठी केलं तर कानाला कसंतरीच लागतं. आपल्याकडे त्या शब्दासरशी आलवण डोळ्यांपुढे येतं, विष नाही. तिकडची वर्तमानपत्रं मात्र नवऱ्यांना संपवणाऱ्या बाईला बिनदिक्कत हेच नाव देतात.

मार्व्हलची ब्लॅक विडो, म्हणजे नताशा रोमानॉफ, अवतरली १९६४ साली, 'टेल्स ऑफ सस्पेन्स' या कॉमिकच्या ५२व्या अंकात. शीतयुद्धाचा काळ, सोव्हिएत हेर आणि समोर आयर्न मॅन. म्हणजे सुरुवातीला तीही खलनायिकाच. पुढे ती बाजू बदलून नायकांच्या गोटात आली. आज ओळखीचा असलेला तिचा अंगासरशी काळा पोशाख १९७० मध्ये आला. जोहान्सन तर त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१० साली पडद्यावर आली. म्हणजे अभिनेत्री आली तेव्हा पात्राचं सगळं सामान आधीच बांधून तयार होतं. तिने ते उचललं, आणि चांगलं पेललं.

बॅटमॅनच्या मालिकेत कारभार नेमका उलटा. ही विडो छापील कॉमिकमधून आलेलीच नाही. ती टीव्हीसाठीच लिहिली गेली. त्या मालिकेची रीत अशी की एखादं नावाजलेलं माणूस पाहुणा खलनायक म्हणून बोलवायचं, बहुतेक वेळा दोन भागांपुरतं, आणि त्याच्या तोऱ्याला शोभेल असा गुन्हेगार उभा करायचा. ऑस्कर मिळवलेल्या शेली विंटर्स आणि अ‍ॅन बॅक्स्टर अशाच येऊन गेल्या. नटी आणि दिग्दर्शिका म्हणून नाव कमावलेल्या आयडा लुपिनोही आल्या. मोठी माणसं हौसेने यायची, कारण इथे वाईटपणा करताना मजा करायची मुभा होती.

१५ आणि १६ मार्च १९६७ ला बँकहेडबाईंचे दोन भाग दाखवले गेले. त्यांची विडो माणसांच्या मेंदूवर ताबा मिळवून गॉथममधल्या बँका लुटते. कथेत फारसा दम नाही, हे मान्य करून टाकू. बघायचं ते बाईंना, आणि त्याहून जास्त ऐकायचं. तो घोगरा, खर्जातला आवाज आणि जो भेटेल त्याला लांबवून म्हटलेलं 'डाऽर्लिंग' अमेरिकेला तोंडपाठ होतं. १९३९ साली ब्रॉडवेवर 'द लिटल फॉक्सेस'मधली थंड डोक्याची, पैशासाठी आजारी नवऱ्यालाही मरू देणारी रेजिना त्यांनी गाजवली होती. हिचकॉकच्या १९४४ च्या 'लाइफबोट'साठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला होता. वडील अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती होते, तरी मुलीच्या बेधडक बोलण्याचे किस्से त्यांच्या पदापेक्षा जास्त फिरले. लोकांना ही सगळी जमा-शिल्लक ठाऊक होती, म्हणूनच कोळिणीच्या वेशातल्या बाईंना पाहून हसू यायचं. त्या जागी पंचविशीची अनोळखी मुलगी ठेवा; उरेल फक्त एक बँक लुटणारी बाई.

मुरलेल्या अभिनेत्रीला खलनायिका करण्यातली खरी गंमत मला इथे दिसते. तयार पात्रात नटी बसवणं म्हणजे दुकानातून मापाचा कपडा घेणं. बँकहेडबाईंची विडो त्यांच्याच अंगावर बेतून शिवली होती.

म्हणून पुढचे प्रवासही वेगळे झाले. मार्व्हलमध्ये 'विडो' हे जवळजवळ पदच आहे: रेड रूम नावाच्या हेरशाळेत अशा अनेकजणी घडवल्या जातात. २०२१ च्या 'ब्लॅक विडो' चित्रपटात फ्लॉरेन्स प्यूची येलेना ही दुसरी विडो आली आणि नताशाचा वारसा तिच्याकडे जाणार हे दिसू लागलं. उद्या आणखी कुणी येईल.

गॉथमच्या विडोला मालिकेत पुन्हा बोलावणं आलं नाही. १२ डिसेंबर १९६८ ला टलूला बँकहेड गेल्या. अभिनेत्री म्हणून पडद्यावर त्यांनी केलेली शेवटची भूमिका हीच, बॅटमॅनला जाळ्यात ओढणाऱ्या कोळिणीची.