पर्जन्यक्षीणन (सोलापूर परिसर)

पर्जन्यक्षीणन : उपग्रहाकडून येणारे सूक्ष्मतरंग पावसातून जाताना क्षीण होणे. टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते ती बहुधा यामुळेच.

गोलाकार कणांवरील प्रकीर्णनाचा (तरंग विखुरण्याचा) सिद्धांत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये मांडला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये राइड यांनी तो पावसाला लावला. थेंब तरंगाची काही ऊर्जा शोषतो, काही इतस्ततः विखुरतो. लोकप्रिय लेखनात विखुरण्यावरच भर असतो. पण तरंगलांबीच्या मानाने थेंब लहान असताना शोषणाचा वाटा मोठा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. केयू पट्ट्यातील (घरच्या छत्रीवर येणाऱ्या टीव्हीच्या वारंवारतांचा पट्टा) १२ गिगॅहर्ट्झची तरंगलांबी २५ मिमी., थेंब १ ते ५ मिमी.चे. तासाला ५० मिमी. वेगाच्या पावसात या वारंवारतेला दर किमी.ला सुमारे २.५ डेसिबल घट होते (३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी). काही उपग्रह इंटरनेट सेवांच्या २० गिगॅहर्ट्झला ती साडेपाचांवर जाते. केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीच्या ४ गिगॅहर्ट्झला ०.१ हूनही कमी राहते. शिवाय पाऊस स्वतःच सूक्ष्मतरंग उत्सर्जित करतो, त्यामुळे ग्राहकातील (रिसीव्हरमधील) गोंगाट वाढतो. पूर्वीच्या अॅनालॉग चित्रात अशा वेळी नुसत्या मुंग्या येत. अंकीय चित्राचे चौकोन होतात आणि ते एकदम थिजते.

सोलापूर पर्जन्यछायेतले, तरी येथे व्यत्यय येतोच. वार्षिक सरासरीपेक्षा त्या घटकेची तीव्रता निर्णायक ठरते, आणि सप्टेंबरातला वळवासारखा गडगडाटी पाऊस थोडाच वेळ पण धो धो कोसळतो.

डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५° पूर्व रेखांशावर आहे. सोलापुरातून छत्री आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ६१° वर रोखावी लागते. पावसाचे थेंब साधारण ५ किमी. उंचीपर्यंत असतात, म्हणजे किरण त्या थरात शिरतो तो घरापासून जवळजवळ ३ किमी. आग्नेयेला. तिकडे पाऊस कोसळत असला, की घराच्या धाब्यावर वाळत घातलेली ज्वारी कोरडी असते आणि आत टीव्ही गेलेला असतो. ‘पाऊस यायच्या आधीच टीव्ही जातो’ हे म्हणणे म्हणूनच खरे मानावे.

थेंबांच्या तरंग विखुरण्याच्या गुणावर हवामानाचे रडार चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने मेघबीजन (कृत्रिम पाऊस) प्रयोगासाठी सोलापुरात २०१८ व २०१९ मध्ये सी पट्ट्यातील (४ ते ८ गिगॅहर्ट्झ) रडार वापरले.

मार्चच्या पूर्वार्धात व सप्टेंबरअखेर निरभ्र आकाशातही काही मिनिटे चित्र जाते. तेव्हा सूर्य उपग्रहामागे आलेला असतो. ते पर्जन्यक्षीणन नव्हे.